चिंचेने घासलेलं वय

चिंच भिजत घातली की माझा हात अजून थोडा मागे येतो. दिवाळीच्या आधीचे हे चार दिवस. खळ्यात भाताची झोडणी चाललेली, गवताचा कोरडा गोडसर वास थेट चुलीपर्यंत येतो, आणि वाडीत घरोघरी मागल्या दारी बायका तांब्या-पितळेची रास घेऊन बसलेल्या. काथ्याचा चोथा, चुलीतली राख, चिंचेचा कोळ. काळं पाणी वाहत माडाच्या आळ्यात जातं आणि घंगाळाच्या पोटात ऊन सांडल्यासारखं दिसतं. आयुष्यात हे एक काम मला कोणी शिकवलं नाही आणि कोणी त्यात खोडही काढली नाही. तरी गेली सहा वर्षं मी या दिवसांत भांडी घासते ती मान वर न करता.

आमचे हे बंदुका दुरुस्त करायचे. गावात त्यांना मिस्त्री म्हणत. ठासणीच्या बंदुका हो, डुकरं नि माकडं भातात शिरतात म्हणून आमच्याकडे परवान्याने ठेवतात त्या. नळीत पुढून दारू घालायची, गजाने ठासायची, मागे केप लावायची. केप म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी. चाप ओढला की तिच्यावर घोडा आपटतो आणि ठिणगी आत जाते. याच जातीची पिस्तुलं पूर्वी साहेबलोकांकडे असत. सहा घरांचं फिरतं चक्र, आणि सहाही घरं एकेक करून हाताने भरायची. काडतूस निघायच्या आधीची गोष्ट ही. त्यामुळे असं पिस्तूल कधी एकटं नसायचं. लाकडी पेटीत हिरव्या बनातीवर त्याच्यासोबत दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, केपांची डबी, केप बसते ते टोक पिळून काढायची चावी, तेलाची बाटली असं सगळं आपापल्या खाचेत निजलेलं असायचं. हे त्याला ‘सोबत’ म्हणायचे. पिस्तुलाची सोबत.

गोव्याहून, बेळगावहून, फोंडाघाट उतरून कोल्हापूरहून माणसं ही सोबत ओळखून घ्यायला आमच्या पडवीत येत. कारण पिस्तूल सहसा खरंच असतं, सोबतीत गडबड असते. बारीक वस्तू हरवतात, मग कोणीतरी दुसरीकडची आणून खाचेत बसवतो. मग ती त्याच काळातली की मागून आणलेली, हे सांगायचं कोणी? ह्यांना इंग्रजी येत नव्हतं. कुठल्याशा जुन्या मालसूचीतली चित्रं बघून बघून, आणि हजार वस्तू खोलून, ते शिकले होते. स्क्रूच्या डोक्यावरची फट केसासारखी बारीक नि किंचित बाजूला असेल तर ती हाताने कापलेली, रुंद आणि बरोब्बर मधोमध असेल तर यंत्राची. साच्यात मेण ओतायचे, निवलं की ती मेणाची गोळी पिस्तुलाच्या घरात बसवून बघायचे. बसली तर साचा त्याचाच. निकाल दोनच शब्दांत द्यायचे. ‘वयाची’, नाहीतर ‘मागाहूनची’. तिसरा शब्द नाही.

मी स्वतः ह्यांची दुसरेपणाची. तेरा वर्षांनी लहान. माझी मोठी नणंद एकदा पाहुण्यांसमोर हसत म्हणाली, ‘आमच्या मिस्त्रीची ही सोबत मागाहूनची हां.’ सगळे हसले, मीही हसले. हे पान लावत होते, तसेच लावत राहिले आणि म्हणाले, ‘मागाहूनची वस्तू वायट नसता गो. फकत ती मूळची म्हणान कोणाक देव नये.’ ते माझी बाजू घेत होते की धंद्याचा नियम सांगत होते, ते मला तेव्हाही कळलं नाही.

मग साखरेने त्यांचे डोळे नेले. आधी डावा, दीड वर्षाने उजवा. येणारी माणसं थांबली. ज्याला दिसत नाही त्याच्याकडून कोण वस्तू ओळखून घेणार? हे सकाळी आंघोळ करून सदरा घालून पडवीत बसायचे आणि बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की मान ताठ करायचे. गाडी शेजाऱ्यांकडे आलेली असायची.

जे थोडं काम येई त्यात मी त्यांचे डोळे झाले. नियम कडक होता. मी एखादी वस्तू हातात घेऊन ‘ही जुनी वाटता’ म्हटलं की चिडायचे. ‘माका तुझा मत नको. तुका दिसता ता सांग. रंग सांग, खाच सांग, अक्षरां सांग.’ मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं मला आकाराने कळायची. आकड्यासारखं, शिडीसारखं, उलट्या कोयत्यासारखं. मी आकार सांगायची, हे हवेत बोटाने गिरवून बघायचे आणि नाव ओळखायचे. दोघांनी मिळून एक माणूस व्हायचं, असा तो संसार होता शेवटी शेवटी. मला तो आवडायला लागला होता, हे आता कबूल करते.

त्या वर्षी आश्विन संपत आलेला. खाडीकाठचं भात पिवळं होऊन वाकलेलं. अशा एका दुपारी पलीकडच्या क्रिस्तांव वाडीतल्या फिलू टीचर आल्या. नाव फिलोमिना, पण अर्धा गाव त्यांच्याकडे पाढे शिकला, म्हणून सगळ्यांच्या टीचरच. कापडी पिशवीत त्यांनी एक पेटी आणली होती. पिस्तूल परवान्याचं म्हणून घरीच कुलपात ठेवलेलं, सोबत तेवढी आणलेली.

त्यांच्या आजोबांची गोष्ट आम्ही ऐकून होतो. आजोबा बोटीवर स्वयंपाकी. त्यांनी कप्तानाला तापातून वाचवलं, आणि कप्तानाने उतरताना आपली पेटी, सगळ्या सोबतीसकट, त्यांना दिली. टीचरचे पप्पा ही गोष्ट नाताळच्या जेवणानंतर दरवर्षी सांगायचे. आजोबांपासून आजवर पेटीतला एक जिन्नस बदललेला नाही, हे शेवटचं वाक्य. मग तांब्याची दारूची कुपी काढून तिची कळ पोरांना दाबू द्यायचे. टीचरना आता वाटत होतं, हे सगळं एकदा जाणत्याकडून ऐकावं. त्यांच्यापेक्षाही जास्त त्यांच्या थोरल्या भावाला, रॉकीला. तो जन्मभर बोटीवर काम करून आलेला, गुडघे गेलेले, आणि गोव्याच्या चुलतभावांनी त्याला डिवचलेलं की तुझ्या पप्पाची ती कहाणी आहे नुसती, पेटी कुठल्याशा लिलावातली असणार. ‘मिस्त्रीनू, तुम्ही सांगलात तर रॉकी मानतलो. दुसऱ्या कोणाचा तो आयकाचो नाय,’ टीचर म्हणाल्या.

ह्यांना त्या दिवशी ताप होता. पेटी राहू दे म्हणाले, दिवाळी झाली की बघू, तुम्ही पिस्तूल घेऊन या. टीचर गेल्यावर त्यांनी पेटी उशाजवळ ठेवायला सांगितली. किती दिवसांनी त्यांच्या उशाशी काम होतं.

आणि मग मी ते केलं.

आमच्याकडे रीत अशी की शेजाऱ्याचं भांडं आपल्या घरी आलं तर ते मळकं परत जाऊ नये. वाटी असो की परात, घासून, पुसून, काहीतरी घालून द्यायची. त्यात दिवाळी तोंडावर. मी मागल्या दारी तांबं-पितळ काढून बसले आणि मला ती कुपी आठवली. काळी-हिरवी, चिकट, बघवत नव्हती. परकी वस्तू घरात अशी कळकट ठेवून दिवा कसा लावायचा? हे झोपलेले. मी अलगद पेटी उघडून ती घेतली.

काय सांगू, किती सुंदर निघाली ती. चिंचेचा कोळ लावला आणि काथ्याने चोळलं तशी आधी पानं वर आली, तांब्यावर उठवलेली, एकात एक गुंतलेली. मग पानांच्या मध्ये एक कुत्रा, कान टवकारून बसलेला. मला वाटलं मीच त्याला कुठूनतरी बाहेर बोलावला. तोंडाचं झाकण फिरवून आत रिठ्याचं पाणी घातलं, खळखळून ओतलं. काळं कुळकुळीत पाणी आलं, फटाके उडवून गेल्यावर अंगणाला येतो तसल्या वासाचं. तीन वेळा धुतली. सुपात वाळत घातलेल्या भाताशेजारी उन्हात ठेवली आणि वाळल्यावर पुन्हा तिच्या खाचेत निजवली. टीचर उघडतील तेव्हा चकित होतील, एवढंच मनात होतं.

दिवाळी झाली. चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पाच तऱ्हेचे फोव, पोहे, केले, ह्यांनी दोन घास खाल्ले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टीचर पिस्तूल घेऊन आल्या. ह्यांनी धुतलेला सदरा मागून घेतला होता. पडवीत घोंगडीवर पेटी उघडली, मी शेजारी बसले, टीचर समोर खुर्चीवर.

साचा आला. मेणाची गोळी केली, पिस्तुलाच्या घरात बसली, तशी ह्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. साचा वयाचा. चावी वयाची. केपांची डबी वयाची, तिचं झाकण तेवढं दुसऱ्या डबीचं, पण तेही वयाचंच. तेलाची बाटली वयाची. प्रत्येक निकालाला टीचर मान हलवत होत्या, जणू कोणी त्यांच्या पप्पांचंच नाव हजेरीत घेतंय. मग कुपी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी नाकाशी धरली, आत हुंगलं, थोडा वेळ तशीच धरून राहिले.

‘रंग कसो?’

‘तांबूस पिवळो. लखलखीत,’ मी म्हटलं.

‘पानांच्या खाचेत हिरवा-काळा काय आसा?’

‘नाय.’

‘खंयच नाय?’

‘खंयच नाय.’

सगळं खरं होतं हो. मला दिसत होतं ते मी सांगत होते. तोपर्यंत मला समजलंच नव्हतं की ते काय शोधताहेत.

त्यांनी कुपी खाली ठेवली आणि टीचरच्या दिशेला तोंड करून, अगदी हळुवार, मास्तर पोराला समजावतो तसं सांगितलं. दीडशे वर्षं तांबं पडून राहिलं की त्यावर एक कातडी येते. ती खाचेत बसते, कोणाच्या बनावटीने येत नाही. आणि दारूची कुपी कितीही वर्षं रिकामी असो, तिच्या पोटात वास राहतो. ‘हिच्या पोटात दारू कधी पडाकच नाय, टीचर. ही मागाहूनची.’

माझ्या कानात भुंगा शिरल्यासारखं झालं. आता त्यांनी बोट फिरवलं तर सांध्याचा जुना जोड लागेल, स्क्रूची फट लागेल, त्यांना कळेल, म्हणून मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. बोटं फिरली. त्यांना काही लागलं नाही. त्यांच्या बोटांचीही जाण गेली होती आणि ती गोष्ट त्यांनी माझ्यापासून लपवली होती, हे मला चार दिवसांनी कळलं, उकळत्या चहाचा पेला हातात धरून ते शांत बसले होते तेव्हा.

टीचर म्हणाल्या, ‘म्हणजे पप्पा आमका खोटा सांगी होते.’

‘तसा नाय,’ हे म्हणाले. ‘तेंका कोणीतरी फसवल्यान आसतला.’

‘रॉकीक काय सांगू मी?’

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मी घासली, चिंचेने. पण समोर हे बसले होते, दोन वर्षांनी कोणीतरी त्यांचा शब्द अजून मानत होतं, त्यांचा चेहरा घामाने आणि समाधानाने चमकत होता. डोळे गेलेल्या माणसाला, त्याच्या बायकोने, परक्या बाईसमोर सांगायचं की तुम्ही चुकलात? आणि चुकलात ते माझ्यामुळे? मी मनात म्हटलं, टीचर गेल्या की ह्यांना सांगेन, हे स्वतःच निरोप पाठवतील. मी उठून चहा ठेवायला गेले.

निघताना टीचरनी कुपी पेटीत ठेवली नाही. ‘ही तुमच्याकडेच ऱ्हवांदे, वयनी. घराकडे नेलंय तर रॉकी रोज बगीत बसतलो.’

त्या दुपारी हे पोटभर जेवले. ‘डोळे गेले, पण हात अजून चलता माझो,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. सांगायला मी रोज सकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायची आणि रोज त्यांचं हे वाक्य आधी यायचं. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी, मी खळ्यात भात वारवत असताना, ते पडवीतल्या खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. सदरा घातलेला होता.

माणूस गेल्यावर त्याची वाणी जपायची असते, असं मी माझं समाधान करून घेतलं. लोक भेटायला येत आणि सांगत, मिस्त्रींचा शब्द म्हणजे शब्द, आंधळे झाले तरी एक वस्तू चुकली नाही. मी मान डोलवायची. कुपी त्यांच्या सदऱ्यांच्या खणात ठेवली. पहिल्या वर्षी ती नुसती फिकट झाली. तिसऱ्या वर्षी कुत्र्याच्या कानामागे काळं धरलं. आता पानांच्या खाचेत हिरवट रेघा आल्यात, पण त्या सहा वर्षांच्या. दीडशे वर्षं परत येत नाहीत. मसुऱ्याच्या आंगणेवाडीच्या जत्रेत एकदा टीचर भेटल्या. कशा आहात विचारलं तर म्हणाल्या, आम्ही बरी, पण रॉकी आता नाताळला पप्पांची गोष्ट सांगत नाही. कोणी काढली तर उठून आत जातो. मी म्हटलं, हो का. एवढंच म्हटलं मी.

या श्रावणात रॉकी गेला. पाऊस उघडला होता आणि खाडीपलीकडून इगर्जीची, त्यांच्या चर्चची, घंटा ऐकू आली. मी भेटायला गेले, टीचरचा हात धरून बसले आणि तशीच परत आले.

आज चिंच भिजत घातली, कोळ काढला आणि पहिलं भांडं घेण्याआधी हात धुऊन उठले. कुपी पदराखाली धरून पुलावरून पलीकडे गेले. टीचर पडवीत कोकमं निवडत होत्या.

‘टीचर, ही वयाची आसा,’ मी उभ्या उभ्याच म्हटलं. ‘मी घासलंय ती. चिंचेन. आतसून रिठ्यान धुतलंय. तुम्ही पिस्तूल घेवन येवच्या आधी.’

त्यांनी हातातलं कोकम खाली ठेवलं आणि विचारलं, ‘मिस्त्रींक म्हायत होता?’

‘नाय. तेंका मी शेवटपर्यंत सांगूक नाय.’

‘सहा वर्षां, वयनी.’

‘व्हय.’

‘रॉकीक सांगूक व्हया होता.’ त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. कोकमाच्या सालींवर माश्या बसत होत्या, त्या हाताने वारत राहिल्या, आणि मग, माझ्याशी नव्हे, आतल्या खोलीच्या दिशेने म्हणाल्या, ‘पप्पा खरा सांगी होते रे.’ आत कोणी नव्हतं.

मग उठल्या, पेटी घेऊन आल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला घडी केलेला वहीचा कागद होता. त्या सकाळी हे सांगत गेले ते टीचरनी लिहून घेतलेलं, शाळेच्या फळ्यावरच्यासारख्या गोल अक्षरात. साचा, वयाचा. चावी, वयाची. शेवटी दारूची कुपी, मागाहूनची. खाली ह्यांची सही. टीचरनी मनगट धरून करवलेली, त्यामुळे आडनाव वर चढत गेलेलं. इतक्या वर्षांनी त्यांचं अक्षर दिसलं, मी खाली बसून त्यावरून बोट फिरवलं.

‘आता तुम्ही लिवा,’ मी म्हटलं. ‘मिस्त्री चुकले म्हणान लिवा.’

‘मी कित्याक लिवू? म्हणणाऱ्यान म्हटला, म्हणणाऱ्यान खोडूचा. ते नायत. तुम्ही तेंचे डोळे होतात.’ त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

‘सही ऱ्हवांदे ना तेंची?’

‘ऱ्हवांदे. बाकीचा सगळा खराच आसा.’

कागद मांडीवर घेतला. तो एक शब्द, ‘मागाहूनची’, ह्यांच्या आयुष्यातला शेवटचा निकाल, माझ्या अंगठ्याएवढा. पेन टेकलं, पण रेघ ओढवेना. टीचर माझ्या शेजारी येऊन बसल्या, खूप रडून झाल्यावर बसतो तशा.

‘सरळ मारा, वयनी,’ म्हणाल्या. ‘वाकडी मारल्यात तर शब्द खोडलो ता मागसून कोणाक कळाचा नाय.’

मी सरळ मारली.